उपाशी पोटी आखलेले डोळे

श्रावण लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना या दिवसांत ऊन-पावसाचा खेळ दिसतो, माळावरची हिरवळ दिसते, कुणाकुणाला कविता होतात. मला रंगाचा वास येतो. मी राहते रोह्याला, म्हणजे खरं तर कुंडलिकेच्या पुलापलीकडे अष्टमीला. पेण इथून चांगलं लांब आहे, तिथल्या कारखान्यांतला रंग इथे नाकात शिरायचं काही कारण नाही. तरी शिरतो. मग पुलावरून टेंपो जायला लागतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गणपती आत दाटीवाटीने उभे, मागे ताडपत्री आवळलेली. शेजारणी गॅलरीतून हात जोडतात. मी खिडकी लावून घेते.

देवावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकायच्या आधीच कुणीतरी माझा कान धरायचं. देवाने आमचं काही वाकडं केलेलं नाही. जे केलं ते माणसांनी केलं, आणि देवाचं नाव पुढे करून केलं, म्हणून त्यांना कुणी जाब विचारला नाही.

परवा शेजारची मनीषा विचारत होती, "काकू, तुमचं माहेर गणपतीच्या कारखान्याचं. मग श्रावणात तुम्ही एक पण सोमवार कसा नाय करत?"

मी म्हटलं, "आमच्यातल्या एकीने सगळ्यांच्या वाटचे उपास करून ठेवलेत."

ती हसली. तिला वाटलं काकूंची ही नेहमीची तिरकी बोली. माझी थोरली बहीण, शालूताई, तेव्हा आतल्या खोलीत बसून दुसऱ्यांदा पोहे खात होती. तिने आतून विचारलं, "कोण आलंय?" मी म्हटलं, "मनीषा." थोड्या वेळाने तिने परत विचारलं, "कोण आलंय?" मी परत सांगितलं. या घरात एकच उत्तर अनेकदा द्यावं लागतं, आणि त्याचा मला कधीही कंटाळा येत नाही. राग येतो. तो तिचा नाही.

कारखाना म्हटलं की रोह्याच्या माणसाला धूर सोडणारी कंपनी आठवते आणि तीन पाळ्यांचे भोंगे आठवतात. पेणला कारखाना म्हणजे गणपतीचा. आमचा रामवाडीच्या अलीकडे होता, पत्र्याची लांब शेड आणि मागे घर. आई मी लहान असतानाच गेली होती. घर सांभाळायला आप्पांची थोरली बहीण आली, आमची आत्या, आणि घराबरोबर तिने कारखान्यातला देवही सांभाळायला घेतला. पावसात पत्रा इतका वाजायचा की बोललेलं ऐकू यायचं नाही. शाडूचा थंड, ओला वास, घासकामाची पांढरी धूळ, रंगाचा उग्र दर्प. खाडीकडच्या गावांतून बायका घासकामाला, म्हणजे मूर्ती कागदाने घासून गुळगुळीत करायला यायच्या, मिठागरं पावसाळ्यात बंद म्हणून. दुपारी त्यांचे डबे उघडले की सुक्या बोंबलाचा वास सगळ्या वासांवर मात करायचा, आणि आत्या नाकाला पदर लावून म्हणायची, "देवाच्या शेडमध्ये नाय गो, तिकडं पडवीत बसा." त्या पडवीत बसून हसत-खिदळत जेवायच्या. ते जेवण बघताना ताईच्या तोंडाला पाणी सुटायचं. खरोखरचं सुटायचं, मी बघितलंय.

कारण ताई उपाशी असायची.

आमच्या कारखान्याचा एक नेम होता. मूर्तीचं बाकी काम कुणीही करावं, पण डोळ्यांची आखणी करणाऱ्याने सकाळी आंघोळ करून, काही न खाता ब्रश हातात घ्यायचा, आणि त्या दिवसाच्या मूर्तींचे डोळे पुरे होईपर्यंत तोंड उष्टं करायचं नाही. हा नेम आजोबांनी घातलेला. आजोबांच्या वेळी गावापुरते गणपती व्हायचे. न्याहारीच्या वेळेआधी त्यांची आखणी उरकायची आणि ते भाकरी खायला बसायचे. असला नेम पाळायला काय जातं? पुढे मुंबई-पुण्याचे व्यापारी आले, साचे आले, फळ्यांवर फळ्या चढल्या, शेड कमी पडायला लागली. सगळं वाढलं. नेम मात्र होता तेवढाच राहिला, आणि आखणी दुपार टळली तरी चालायची. धंदा वाढवताना ज्यांना आजोबांची आठवण झाली नाही, त्यांना उपासाच्या वेळी बरोब्बर व्हायची.

आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ब्रश ताईच्या हातात आला. तिच्यासारखा हात मी नंतर कुठेही पाहिला नाही, आणि हे मी बहीण म्हणून सांगत नाही. आधी भुवई, एका दमात. मग वरच्या पापणीची रेघ, सुरू होताना बारीक, मध्ये भरलेली, पुन्हा बारीक. मग बुबुळ. शेवटी पांढऱ्याचा एक कण. तो कण पडेपर्यंत मूर्ती म्हणजे माती असायची. कण पडला की ती आपल्याकडे बघायला लागायची, आणि आपण उगाच पदर सारखा करायचो. रेघ ओढताना ताई ओठ मुडपून श्वास धरून ठेवायची. ब्रश उचलला की सोडायची आणि हसायची, दर वेळी, पहिल्यांदाच जमल्यासारखी.

मग ती गूळ चोरायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. गुळाची ढेप लवकर संपायला लागली. मग तिच्या उशीखाली खडा सापडला, ब्रशच्या डब्यात सापडला, एकदा तर पोलक्याच्या बाहीत. ताई तेव्हा पंचविशीच्या पुढे गेली होती आणि अंगाने सुटत चालली होती. सकाळी उठली की आधी काहीतरी तोंडात टाकावं लागायचं. नाही टाकलं तर हात कापायचे, घाम फुटायचा, बोलणं जड व्हायचं. गोड खाल्लं की थोड्या वेळात सगळं ठीक. तिच्या शरीराने तिला एवढं स्पष्ट सांगितलं होतं. कुठल्याही पुस्तकाशिवाय, कुठल्याही डॉक्टरशिवाय तिला कळलं होतं की आपल्याला गूळ लागतो. आणि आम्ही काय केलं? म्हणजे आत्याने काय केलं? गुळाच्या डब्याला कुलूप लावलं.

"गणपतीच्या कारखान्यात राहून गणपतीसारखीच झालीस," असं सगळे तिला चिडवायचे. ती हसायची. आत्या हसायची नाही. "देवाच्या आधी खाते ही. उष्ट्या तोंडानं डोळे आखलेस तर देव तुझ्याकडं बघायचा नाय, सांगून ठेवते." ताई मान खाली घालायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी तिला माझ्या परकराच्या ओच्यातून चणे-गूळ नेऊन द्यायचे. पकडले गेले की दोघींनाही मार बसायचा आणि ताई म्हणायची, "हिला नका मारू, मीच मागितला."

त्या वर्षी वैशाखात माझं लग्न झालं. धाकटीचं आधी झालं, कारण थोरलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर ती चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली आणि भलतंच काहीतरी बोलायला लागली. पाहुण्यांसाठी सकाळपासून राबत होती, खाल्लं नव्हतं. स्थळ गेलं, आणि गावात झालं की पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. मी अष्टमीला आले. आमचे हे कंपनीत पाळीने कामाला. आषाढ सरता सरता हंगामाला हात द्यायला मी लाल डब्यातून पेणला गेले, आणि कारखान्यात पाय टाकला तर काय, माझी बहीण देव झालेली.

हे घडलं तेव्हा मी नव्हते, पण मला इतक्या जणांनी इतक्या कौतुकाने सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. दुपार कलली होती. ताई सकाळपासून उपाशी, समोर फळीवर बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीने. तिच्या हातून ब्रश गळला. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. ती डोलायला लागली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मला दिसत नाय. मला काय दिसत नाय. डोळे कुठंत?"

रक्तातली साखर पार खाली गेली की माणसाला अंधुक दिसतं, एकाचे दोन दिसतात, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा तिथे उभ्या असलेल्या बायकांनी बिनडोळ्यांच्या मूर्तींकडे पाहिलं आणि ताईकडे पाहिलं. घासकामाची हिराबाई हातातला कागद टाकून जमिनीवर आडवी झाली. "गणपती बोलतंय गो! डोलं मागतंय, डोलं!"

झालं. आत्याने धूप पेटवला. आरती म्हटली. आणि देवासमोरचा गूळखोबऱ्याचा प्रसाद तिच्या तोंडात घातला. थोड्या वेळात घाम थांबला, नजर स्थिर झाली. ताईने इकडेतिकडे बघून विचारलं, "काय झालं?" तिला काही आठवत नव्हतं. यापरता पुरावा काय हवा? प्रसाद पोटात गेला, देव शांत झाला, आपल्या जागी परत गेला. ज्या गुळासाठी तिने मार खाल्ला तोच गूळ, फक्त आता तो तिच्या भुकेचा नव्हता, देवाचा होता, म्हणून चालत होता!

मी गेले तोवर सकाळपासूनच माणसं येऊन बसायला लागली होती. सकाळी कुणी येई, पण देव दुपारी येतो असं एकमेकांना सांगत थांबत. अर्थात दुपारीच येणार. तोवर पोट रिकामं होऊन किती वेळ झालेला असायचा! कुणाला मूल हवं होतं, कुणाची खारजमिनीची भानगड होती, कुणाची म्हैस आटली होती. ताई डोलायला लागली की तिच्या तोंडातून निघेल त्या अर्ध्यामुर्ध्या शब्दाचा अर्थ लावत बसायचे. "बाजूला हो," ती म्हणाली, तर एक बाई खरंच नवऱ्याला सोडून माहेरी गेली. व्यापाऱ्यांच्या कानावर गेलं आणि तेही मागायला लागले, त्या मुलीच्या हातच्या आखणीचाच गणपती द्या. आप्पा वाईट नव्हते. मऊ माणूस, मुलींवर जीव टाकणारा. पण व्यापारी दारात उभे राहिल्यावर तो मऊ माणूस म्हणाला, "देवाची मर्जी." ताईकडे आखणीला जास्त मूर्ती यायला लागल्या. जास्त मूर्ती म्हणजे जास्त वेळ उपास. जास्त उपास म्हणजे जास्त देव. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. आमच्याकडे तर दळणारीच जात्यात चालली होती.

डॉक्टरांना दाखवलं नाही असं नाही. तिथेही आमची शर्थ बघा. दवाखान्यात जायचं म्हणून तेवढ्या दिवशी नेम माफ, आणि वाटेत पोरीला घेरी नको म्हणून आत्याने तिला दोन लाडू चारले. रक्त तपासलं, सगळं उत्तम. एक डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा, आणि लाल औषधाची बाटली दिली. दुसरे म्हणाले, फिट्सचा आजार, आणि गोळ्या दिल्या. त्या खाऊन ती दिवसभर पेंगायची. तिसऱ्याने तिच्याकडे न बघता आप्पांना सांगितलं, "मनाचं आहे. धाकटीचं आधी केलंत ना? लग्न करून द्या, बरी होईल." सुरकुती नसलेल्या शर्टातला माणूस. हे तो म्हणाला तेव्हा ताई समोरच्या स्टुलावर बसली होती. हे तो विसरला की काय, मला माहीत नाही. उपाशी असताना हे होतं का, एवढा एक प्रश्न तिघांपैकी एकालाही विचारावासा वाटला नाही.

मला उत्तर मिळालं ते अष्टमीतच, आमच्या शेजारी. हमीदाचाचींना मधुमेह होता आणि त्या रोज इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यायच्या. श्रावणात मी दोन दिवसांसाठी घरी आले होते. त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर चाची खाटेवर घामाने निथळत बसलेल्या आणि भिंतीशी बोलत होत्या. तोच जड आवाज, तीच कुठेतरी लांब गेलेली नजर. माझ्या हातातली वाटी पडली. सून स्वयंपाकघरातून साखरेचं पाणी घेऊन आली, जराही न घाबरता. "काय नाय, साखर उतरली. इंजेक्शन घेतलं आणि जेवायला उशीर केला." चाचींनी ते पाणी पिऊन घेतलं. थोड्या वेळाने मलाच विचारलं, "अगो, तू कवा आलीस?"

ना धूप, ना आरती. कुणी पाया पडलं नाही. साखर उतरली, साखर दिली, संपलं. मी तशीच स्टँडवर गेले आणि पेणची गाडी धरली.

कारखान्यात मी हे सांगितलं तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच भ्रमिष्ट. फिट्सवाल्या डॉक्टरांकडेही गेले. ते हसले. "ज्याला डायबेटिस नाही, इन्शुलिन टोचत नाही, त्याची साखर कशाला एवढी उतरेल? उगाच डोकं चालवू नका." आत्या म्हणाली, "पुलापलीकडं राहून हेच शिकलीस?" आप्पा फळीवरच्या मूर्ती मोजायला वळले. ताईने मात्र मला मागच्या पडवीत नेलं. "खरंच साखरेचं असंल का गो?" तिने विचारलं. "मला वाटतं, देव असता तर त्याने मला एकदा तरी सांगितलं असतं ना, की मी येतो. मला फक्त भूक आठवते." मग म्हणाली, "हंगाम जाऊदे. आप्पांनी व्यापाऱ्यांना शब्द दिलाय. हरताळका झाली की आपण दोघी मुंबईला जाऊ." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते, ती माझ्याहून मोठी होती आणि तिने दिवस ठरवला होता.

हरताळकेचा दिवस पेणच्या कारखान्यांत कसा असतो ते बाहेरच्याला कळायचं नाही. उद्या चतुर्थी. शेवटच्या मूर्ती, शेवटचे टेंपो, दारात गिऱ्हाइकं पाट घेऊन उभी, कुणाच्या गणपतीचा सोंडेचा रंग खरवडला म्हणून आरडाओरडा. आणि बायकांना कडकडीत उपास. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. कुमारिकांनी तर हा उपास करायचाच, चांगला नवरा मिळायला. रोजचा नेम दुपारी तरी सुटायचा. हा सुटणारच नव्हता. आदल्या संध्याकाळपासून ताईच्या पोटात काही नव्हतं.

दुपारी तिचा ब्रश पडला. बायका सरसावून बसल्या. ती डोलली, काहीबाही बोलली, आणि या वेळी थांबली नाही. डोळे वर गेले, दातखिळी बसली, अंग ताठ होऊन झटके यायला लागले. "आज देव कडक आलाय," कुणीतरी म्हणालं. झांजा वाजायला लागल्या. रोज ज्याने ती शुद्धीवर यायची तो गुळाचा खडा देवापुढे वाटीत होता, हाताच्या अंतरावर. मी तो उचलला. आत्याने माझं मनगट धरलं.

"हरताळका हाय आज. तिच्या तोंडात काय घालशील तर बघ."

"आत्या, मरेल ती!"

"उपास मोडला तर पाप लागंल तिला. देव हाय अंगात, देवाला काय होतंय?"

मी आजवर अनेकदा विचार केलाय की त्या मनगट धरणाऱ्या हाताला काय वाटत असेल. आत्याचं ताईवर प्रेम नव्हतं असं नाही, तिनेच तिला वाढवलं होतं. पण श्रद्धेच्या हातात मनगट सापडलं की ते सुटत नाही, प्रेम असलं तरी. मी तिला ढकललं. चांगली जोरात ढकलली, ती मूर्तींच्या फळीवर आदळली आणि एक गणपती खाली येऊन फुटला. सगळीकडे हाय हाय झालं. त्या फुटलेल्या मातीसाठी जेवढे हात पुढे आले तेवढे माझ्या बहिणीसाठी आले असते तर! ताईचे दात उघडेनात. मी गूळ पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना चोळला. काही होईना. मग मी दारात उभ्या असलेल्या टेंपोसमोर जाऊन आडवी उभी राहिले आणि ड्रायव्हरला शिव्या घातल्या, ज्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं. त्याने गणपतींच्या मधे जागा केली. आप्पांनी तिला उचललं. आम्ही निघालो, दोन्ही बाजूंना गणपती, त्यांचे डोळे तिनेच आखलेले, आणि मधे ही.

रामवाडीच्या स्टँडजवळ एका बाई डॉक्टरांनी नुकताच दवाखाना घातला होता. त्यांनी ताईच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला, पट्टीचा रंग बघितला आणि लगेच शिरेतून ग्लुकोज द्यायला घेतलं. मग आमच्याकडे वळल्या. "हिने शेवटचं कधी खाल्लं?"

"काल संध्याकाळी," मी म्हटलं.

"काल? या मुलीला उपाशी कुणी ठेवलं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता, आणि तो विचारताना त्यांचा आवाज रागाने कापत होता. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. त्या सगळ्या हंगामात पाया पडण्यासारखी तेवढी एकच जागा मला दिसली.

ताई त्या संध्याकाळी नुसते डोळे उघडून पडून होती. बोलायला लागली ती काही दिवसांनी, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात. पहिलं वाक्य म्हणाली, "आखणी राहिली."

त्या रुग्णालयातही तिला उपाशी ठेवलं. ऐकून मी डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले. त्यांनी शांतपणे समजावलं की साखर उतरते तेव्हाच रक्त घेतलं तर इन्शुलिन किती आहे ते कळेल. भरल्या पोटी तपासून काही उपयोग नाही. पण इथे उशाशी ग्लुकोजची बाटली लावलेली, नर्स शेजारी बसून, साखर खाली गेली की रक्त घेऊन लगेच उपास बंद. उपास असाही करता येतो. साखर इतकी खाली असताना तिच्या रक्तातलं इन्शुलिन नाहीसं व्हायला हवं होतं. ते भरपूर होतं. बाहेरून कुणी टोचत नव्हतं, म्हणजे आतच कुणीतरी बनवत होतं. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यात एक गाठ. चांगलं स्वादुपिंड जेवल्यावर इन्शुलिन सोडतं आणि पोट रिकामं झालं की हात आवरतं. या गाठीला आवरणं माहीत नव्हतं. जेवलेली असो की उपाशी, ती आपली ओतत राहायची. म्हणून सकाळी त्रास, म्हणून गुळाची ओढ, म्हणून सुटलेलं अंग. सगळं एका दमात आखल्यासारखं स्वच्छ होतं. अशी गाठ क्वचित होते म्हणाले, आणि बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते. काढली की माणूस बरा.

त्यांनी ती काढली. वालाच्या दाण्याएवढी होती. आमच्या परसात पडवळाखाली वाल लावायचे, तसा एक दाणा. एवढ्याशा दाण्याला लोकांनी नारळ फोडले.

गाठ गेल्यावर साखर पुन्हा कधी उतरली नाही. पण त्या दुपारी तिचा मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला होता. आत्ताच सांगितलेलं ती विसरते. पायांनी नीट चालते, पण उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तर. हे 'लवकर' माझ्या छातीत आजही तसंच आहे. गाठीवर मी कशाला रागवू, तिला अक्कल नव्हती. ज्यांना होती त्यांनी झांजा वाजवल्या.

पेणला काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. लोक म्हणाले, डॉक्टरांनी पोट कापून देव काढून घेतला. हिराबाई रडली, खरंच मनापासून रडली, की आता डोळे कोण मागणार. आत्या जाईपर्यंत म्हणत राहिली, "हिनं त्या दिवशी हरताळका मोडली आणि मूर्ती फोडली, म्हणून पोरगी अशी झाली." आप्पांनी कारखाना चुलतभावांना दिला. ताईला मी अष्टमीला आणली. आमच्या ह्यांनी तिच्यासाठी खिडकीशी खाट हलवली. आप्पा यायचे अधूनमधून, पोह्यांचे पापड घेऊन, आणि तिच्याजवळ बसून राहायचे. एकदा जाताना मला दारात म्हणाले, "मला कळलं नाय गो."

खरं असेल. पण कळून घ्यायला काय झालं होतं? मी तोंडावर असं म्हटलं नाही. पापड ठेवून घेतले. माफही केलं नाही. म्हातारा माणूस उन्हात पुलावरून एकटा गेला, ते बघताना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून राग कमी झाला नाही. दोन्ही एकाच पोटात राहू शकतात.

आता दर वर्षी मी पेणला जाऊन शाडूची लहान मूर्ती आणते, आणि कारखान्यात सांगते, डोळे आखू नका. त्यांना हे विचित्र वाटतं. अपुरी मूर्ती कशी न्यायची म्हणतात. मी म्हणते, पुरी करणारी माझ्या घरी आहे.

यंदाही चतुर्थीच्या सकाळी ताईला आंघोळ घातली. आधी पोहे दिले, वर शिरा दिला, चहा दिला. मग ब्रश. तिने श्वास धरला. हात थरथरत होता, पण ओठ मुडपायची ती तऱ्हा अगदी जुनी होती. भुवई तिरकी गेली. एक डोळा मोठा झाला, दुसरा जरा खाली आला. पांढऱ्याचा कण बुबुळावर पडायच्या ऐवजी काठावर पडला. तिने ब्रश उचलला, श्वास सोडला आणि हसली, पहिल्यांदाच जमल्यासारखी. मग मला विचारलं, "दिसतंय ना त्याला?"

"दिसतंय."

थोड्या वेळाने परत विचारलं, "दिसतंय ना?"

"दिसतंय गो."

मोदकांचा पहिला घाणा उतरला. वाफ निवायच्या आत मी त्यातला पहिला मोदक ताईच्या हातावर ठेवला. नैवेद्याला बाकीचे होते. तेवढ्यात मनीषा दर्शनाला आली, हात जोडून वाकली, वर बघितलं आणि चपापली. "काकू, एवढे वाकडे डोळे कुणी आखले हो? आणि हे काय, नैवेद्याच्या आधीच...?"

ताईने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. तोंड मोदकाने भरलेलं होतं, तिला बोलता येईना.

मी म्हटलं, "जेवलेल्या माणसाने आखलेत."